जलदुर्ग: साहित्य आणि कृती

दिवाळीचा किल्ला कसा करावा हे शिकवणारे लोक पुण्यात असतात. रत्नागिरीत असतात ते दुसऱ्याने केलेल्या किल्ल्याला नावं ठेवणारे. मी कितीतरी वर्षं या दुसऱ्या जातीत सुखाने होतो. तीन दिवाळ्यांपूर्वी बहिणीचा मुलगा सुट्टीला आला, आळीतल्या किल्ल्यांवरची माझी मतं त्याने दोन दिवस ऐकून घेतली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, तू नुसता बोलतोस." तेव्हापासून मी करतो. पुढची कृती त्या तीन दिवाळ्यांच्या अनुभवावर बेतलेली आहे. कुणी मागितलेली नाही, तरी देतो.

आधी किल्ला निवडावा. रायगड निवडू नये. रायगड वाईट म्हणून नव्हे, तो सगळेच करतात म्हणून. आमच्या आळीत त्या वर्षी चार रायगड, दोन प्रतापगड आणि एक शिवनेरी होता (पाळणा ठेवला होता, म्हणून ओळखला). खिडकीतून समुद्र दिसणारी ही मुलं, पण किल्ला म्हटला की त्यांच्या हातून सह्याद्रीच उभा राहतो. गावाच्या डोक्यावर रत्नदुर्ग आहे, तिन्ही बाजूंनी समुद्र आहे, आपण त्याला भगवतीचा किल्ला म्हणतो आणि नवरात्रात दर्शनाला जातो. तो करायला बसलं तर आकार घोड्याच्या नालेसारखा, सोपा वाटतो. पण नवशिक्यांनी त्याच्या नादी लागू नये. एका टोकाला दीपगृह आहे. मुलं फक्त दीपगृहच करतात, कारण त्यात बल्ब लागतो.

मी सुवर्णदुर्ग सुचवतो. हर्णैच्या किनाऱ्यासमोर, पाण्यात. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातला हा एकटाच. मी मात्र त्याची निवड त्याआधीच केली होती, हे नोंदवून ठेवतो. घरात कुणी विश्वास ठेवत नाही.

साहित्य: तांबडी माती चार घमेली. जांभ्याचे फुटके तुकडे, मिळतील तेवढे. कुणाचं ना कुणाचं घराचं काम चालू असतंच. गोणपाट दोन. भाताचा पेंढा. निळी ताडपत्री एक, पावसाळ्यात पडवीला बांधलेली नुकती सुटलेली असते ती. झाडूचे हीर मूठभर. माडाच्या पोयीची वाळकी आवरणं सहा-सात. काथ्या. गडग्यावरचं शेवाळ. घाटावरच्या लोकांना हिरवळीसाठी आठवडाभर आधी हळीव पेरून पाणी शिंपडत बसावं लागतं. आपल्याला गडगा खरवडला की झालं. नवरात्रातच खरवडून ओल्या पोत्याखाली ठेवावं, दिवाळीपर्यंत हिरवंगार राहतं. गडगा मात्र स्वतःचा असावा.

माती चाळून घ्यावी. चाळण स्वयंपाकघरातली घेऊ नये. घेतलीच तर परत जागेवर ठेवू नये. हरवलेल्या चाळणीबद्दल एकदाच बोलणी बसतात, मातीच्या चाळणीबद्दल तुळशीच्या लग्नापर्यंत.

आता प्रमाण. इथे नव्वद टक्के लोक घसरतात आणि उरलेल्यांना घसरलो हे कळत नाही. सुवर्णदुर्ग सुमारे आठ एकरांचा. हिशेबाला दोनशे मीटर लांब धरू. खळ्यात तुम्हाला जागा मिळणार दोन मीटर, कारण पलीकडे तुळस आहे आणि अलीकडे वडिलांची स्कूटर. म्हणजे प्रमाण शंभरास एक. या हिशेबाने साडेपाच फुटी माणूस पावणेदोन सेंटिमीटरचा झाला पाहिजे, हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढा. बाजारात मिळणारा मावळा असतो चार इंची. शंभराने गुणलं तर तो तेहतीस फूट उंच होतो. तट तुम्ही प्रामाणिकपणे तीस फुटांचा केलात, तर हा बाहेर उभा राहून आतल्या विहिरीत डोकावतो. उलट मावळ्याच्या मापाने किल्ला करायचा, तर बारा मीटर लांब होतो, म्हणजे तटाची पश्चिम बाजू शेजाऱ्यांच्या पोफळीत. मी त्यांना विचारलं होतं. ते नाही म्हणाले असं नाही, पण ज्या पद्धतीने "बघू" म्हणाले, ते रत्नागिरीकरांना समजावून सांगायला नको.

तोड अशी. समोर समुद्रात मोठी माणसं ठेवावी, किल्ल्यावर छोटी. छोटी माणसं शाडूची घरीच वळावी: तांदळाएवढं डोकं, खाली भेंडीच्या बीएवढं धड, हातपाय काढण्याच्या फंदात पडू नये. तटावर ओळीने लावली की लांबून पलटण दिसते. जवळून पाहणाऱ्यांना जवळ येऊ देऊ नये, त्यासाठीच तर समुद्र असतो.

मोठ्या माणसांचं प्रकरण वेगळं. किल्ल्यावरच्या या मातीच्या माणसांना 'चित्रं' म्हणतात. साच्यातली असतात, दोन अर्धुकं जोडलेली, म्हणून कानावरून खांद्याकडे एक शिवण उतरते. ती आधी ब्लेडने खरवडून काढायची. बाजारात रंगवलेलीच मिळतात, पण तो रंग म्हणजे पागोटं लाल, अंगरखा पिवळा आणि मिशी थेट गालाच्या टोकापर्यंत. घाईत रंगवलेली असतात, त्यांना दोष नाही. खरं चित्र हवं तर कोरं घ्यावं आणि तडक ओळखीच्या गणपतीच्या कारखान्यात जावं. कोकणात वाडीगणिक कारखाना आहे आणि दिवाळीत तो रिकामा असतो. कोपऱ्यात तळाशी उरलेल्या रंगाचे डबे असतात आणि ओटीवर ज्याने नुकतेच दीड-दोनशे गणपती रंगवलेत असा माणूस पान खात बसलेला असतो. त्याला शिकवायला सांगू नये. चुकीच्या पद्धतीने समोर रंगवायला बसावं. पाच मिनिटांत तो ब्रश हातातून काढून घेतो.

मला तिथे जे मिळालं ते असं. आधी सगळ्यावर पांढरा हात. तो खडखडीत वाळू द्यावा. मग अंगाचा रंग, मग कपडे. रंग दुधाएवढा पातळ, दोन हातांत, एकात नव्हे. कपड्यांच्या चुण्यांत पाण्यासारखा तपकिरी सोडून वरवरचा फडक्याने टिपून घ्यावा. चुणी लगेच खोल दिसायला लागते. मग ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करावा आणि फिकट रंगाने नुसता उंचवट्यांवरून फिरवावा, नाक, गुडघे, पागोट्याचे पीळ. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, श्वास सोडून झाल्यावर. गणपतीचे डोळे इंचभर असतात, मावळ्याचे तिळाएवढे, तेव्हा ब्रश ठेवून दात कोरायची काडी घ्यावी. दोन्ही बुबुळं एकाच दिशेला जावीत. माझा पहिला गोलंदाज एका डोळ्याने इंग्रजांवर नेम धरून होता आणि दुसऱ्याने स्वयंपाकघरावर.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी खलाशी विकत घ्यायला गेलो.

राम आळीपासून मारुती मंदिरापर्यंत पालथं घातलं. मावळा उभा, मावळा बसलेला, भालदार, घोडेस्वार, हत्ती, वाघ, गवळण, वासुदेव, भाजीवाली, तराजू घेतलेला वाणी, क्रिकेट खेळणारे अकरा जण आणि एक पंच. खलाशी नाही. तांडेल नाही. कान्होजी आंग्रे १७२९ साली गेले. त्याआधी त्यांच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रजांना आणि गोव्याच्या पोर्तुगिजांना किती वर्षं झोप येऊ दिली नाही! त्या आरमारातला एक माणूस साच्यात नाही. साचे करणाऱ्यांचं काय चुकलं? कोकणातली गिऱ्हाइकंच जर रायगड मागतात, तर त्यांनी गलबत कुणासाठी ओतायचं? ही या कृतीतली एकच गंभीर तक्रार आहे. पुढची वाक्यं पुन्हा मातीची.

खलाशी वाण्यापासून करावा. वाणी मांडी घालून बसलेला असतो, हात पुढे असतात. तराजू ब्लेडने उडवावा, मुठीत झाडूचा हीर अडकवावा, की झाला वल्हेकरी. पागोटं घासून डोक्याला फडकं बांधल्यासारखं करावं. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत. मी बत्तीस वाणी घेतले. दुकानदाराने विचारलं, "बाजारपेठ करताय का?" मी म्हटलं, आरमार. त्याने पैसे मोजून घेतले आणि दुकानातल्या पोराकडे एकदा पाहिलं.

नावा दोन प्रकारच्या. गलबत लहान, वल्ह्यांचं. पोयीचं एक आवरण म्हणजे एक गलबत, निसर्गाने आयतं करून ठेवलं आहे. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, नाळेकडे निमुळती आणि सखल, म्हणजे समोरच्या तोफा नाळेवरून सरळ डागता येतात. वारा पडला की गलबतं गुराबांना दोर लावून ओढत नेत आणि अडकून पडलेल्या जहाजाला मागून गाठत. म्हणून नावा मांडताना शोभेसाठी गोल करून मांडू नयेत. शत्रूच्या ढुंगणाशी मांडाव्यात. पाहुण्यांसमोर समजावताना 'पिछाडी' म्हणावं.

शत्रू कोण, हा प्रश्न आता येतो, आणि माझ्या भाच्याने तो पहिल्याच संध्याकाळी विचारला. मी १७५५ चा एप्रिल निवडला होता. इंग्रजांच्या कंपनीचा कमोडोर विल्यम जेम्स 'प्रोटेक्टर' हे ४४ तोफांचं जहाज आणि बरोबर काही लहान जहाजं घेऊन सुवर्णदुर्गावर आला. किल्ला तुळाजी आंग्र्यांचा. समुद्राकडची बाजू कातळात खोदलेली, तिथे गोळे वाया जात होते. किल्ल्यातून पळून आलेल्या माणसाने ते सांगितलं, तेव्हा जेम्सने जहाज किल्ला आणि किनारा यांच्या मधे आणून मारा केला.

"आपले कोण?" भाच्याने विचारलं.

"किल्ल्यातले."

"मग किनाऱ्यावर हे मावळे कोण?"

ते नानासाहेब पेशव्यांचे. पेशव्यांचा आणि इंग्रजांचा तुळाजीविरुद्ध करार झाला होता. जमिनीवरून रामाजी महादेव, पाण्यातून जेम्स. तो थोडा वेळ गप्प बसला. एकाच साच्यातली, एकाच दुकानातून आणलेली चित्रं त्याच्या हातात होती. "म्हणजे आपलेच आपल्याला मारतात?" मी होय म्हटलं. "मग आपण जिंकलो की हरलो?" मी म्हटलं, दोन्ही. त्याने चित्रं खाली ठेवली आणि जाहीर केलं की असला किल्ला त्याला करायचा नाही, समोरचे रायगडवालेच बरे.

नवशिक्यांना इथे एक गोष्ट कळते. दिवाळीच्या किल्ल्यावर लढाई नसतेच. पहारेकरी पहारा देतात, वाणी तोलतो, गवळण डोक्यावर घडा घेऊन कायमची निघालेली असते, वाघ गुहेत बसून कुणालाही खात नाही. सगळीकडे दिवाळी असते. लढाई मांडायची म्हणजे कुणीतरी हरलेला मांडावा लागतो, आणि त्यासाठी आपली चित्रं द्यायला घरातलं एकही पोर तयार होत नाही.

मोठे तयार होतात, पण महागात पडतं. विल्यम सायबर्न नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने वॉटर्लूची लढाई मांडायला घेतली. आठ महिने रणभूमीवरच्या शेतघरात राहून जमीन मोजली. लढाईतल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं की संध्याकाळी सात वाजता तुम्ही नेमके कुठे होता. सरकारने मधेच पैसे बंद केले, तरी हा थांबला नाही. १८३८ साली लंडनला प्रदर्शन भरलं तेव्हा पटावर कथलाची सत्तर हजारांहून जास्त माणसं होती. लोक तिकीट काढून बघायला आले, तरी सायबर्नचं कर्ज फिटलं नाही. शिवाय जिंकलेल्या बाजूच्या सेनापतीला, म्हणजे खुद्द वेलिंग्टनला, तो देखावा पसंत नव्हता. मदतीला आलेले प्रशियन त्यात त्याच्या मते फार दिसत होते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या लढाईत सात वाजता कोण कुठे होता यावर मोठी माणसं भांडतात, तिथे माझ्या भाच्याचं काय चुकलं.

आपला सुवर्णदुर्ग हुबेहूब झाला नाही म्हणून खट्टू होणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. जेम्स १७८३ मध्ये मेला. त्याच्या बायकोने पुढच्याच वर्षी नवऱ्याच्या पराक्रमाच्या आठवणीत लंडनच्या शूटर्स हिल टेकडीवर एक बुरूज बांधला आणि नाव दिलं 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. सुवर्णदुर्गच, इंग्रज जिभेवरून घसरलेला. रिचर्ड जप नावाच्या नामांकित वास्तुविशारदाचं काम, आजही उभं आहे. तीन कोनी आहे, विटांचा आहे आणि आजूबाजूला झाडी आहे, समुद्र नाही. हर्णैच्या किल्ल्याशी त्याचं एकाही बाजूने साम्य नाही. तुमचा त्याहून बरा होईल.

भाचा परत आला तो दुसऱ्या दिवशी, मी लढाईचा शेवट सांगितला तेव्हा. किल्ल्यातल्या एका घराला आग लागली, ती दारूकोठारापर्यंत पोचली आणि कोठार उडालं.

"उडालं म्हणजे?"

"स्फोट झाला. उरलेले होड्यांतून किनाऱ्याकडे पळाले."

त्याने सावकाश विचारलं, "कोठार कुठे होतं ते आपण मांडणार ना?" त्या क्षणापासून त्याने एकही प्रश्न न विचारता माती कालवली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

महाराज कुठे बसवावेत? हा प्रश्न आईने काढला. मी तिला सांगितलं की लढाई १७५५ ची, महाराज १६८० मध्ये गेले, मधे पंचाहत्तर वर्षं आहेत. ती म्हणाली, "महाराज नाहीत तर किल्ला कसला? मी पणती लावणार नाही." इतिहासाची चाड असलेल्या माणसाने इथे आईचं ऐकावं. आम्ही किल्ल्याच्या बाजूला पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि सिंहासन त्यावर ठेवलं. काळही बिघडला नाही, प्रमाणही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर भाच्याने महाराजांना उचलून किल्ल्यावर नेऊन बसवलं होतं. बत्तीसच्या बत्तीस वाणी गलबतांतून तोंड फिरवून त्यांच्याकडे बघत बसले होते, किनाऱ्यावरचे पेशव्यांचे मावळेही, आणि 'प्रोटेक्टर' दूर, पायपुसण्यापाशी उभं होतं. लढाई बंद पडली होती. मी ते तसंच ठेवलं. तासभर.

समुद्राबद्दल थोडक्यात. खरं पाणी घालू नये. पहिल्या वर्षी मी घातलं, आणि जे जेम्सला चव्वेचाळीस तोफांनी जमलं ते दोन बादल्यांनी दुपारी चारपर्यंत करून दाखवलं. ताडपत्री अंथरावी, खाली पेंढा सारून लाटा काढाव्यात, फेसाला उशीतला कापूस. तोफांच्या धुरालाही तोच. पण रत्नागिरीत परतीचा पाऊस दिवाळीची वाट अडवून बसलेला असतो, आणि ताडपत्री घरात एकच असते. ती समुद्र म्हणून खाली घालायची की छप्पर म्हणून वर, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी खाली घातली. त्या रात्री समुद्र तेवढा कोरडा राहिला.

बघायला येणारे चार प्रश्न विचारतात. हा रायगड ना? पाणी का आहे? वाघ कुठाय? आणि एवढं करून मिळतं काय? पहिल्या तिघांना चकली द्यावी.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी बहिणीसमोर पाटावर बसलो होतो. बाहेर जरा जास्तच शांतता होती. नंतर कळलं ते असं: मुलांनी आधी महाराजांना सिंहासनासकट ओटीवर नेलं. मग आंग्र्यांची माणसं नेली, मग पेशव्यांची, मग वाणी एकेक करून. गवळण आणि वासुदेव या लढाईत नव्हतेच, तरी त्यांनाही हलवलं. किल्ला पूर्ण रिकामा झाल्यावर दारूकोठाराच्या जागी सुतळी बॉम्ब पुरला. बहिणीने निरांजन उचललं आणि त्याच वेळी तांबड्या मातीचा पाऊस पडला. शेवाळ तुळशीवर, तटाचा एक चिरा स्कूटरच्या सीटवर. समुद्रात फक्त इंग्रज उभे होते, आणि त्यांच्यातला एकच काय तो शाबूत. ही पायरी तुमच्या कृतीत नको. फटाका मातीत पुरला की खडे गोळीसारखे उडतात. आमच्याकडे कुणाला लागलं नाही हे नशीब. भाच्याचं म्हणणं एवढंच होतं की मामानेच सांगितलं होतं.

आवराआवर तुळशीच्या लग्नाआधी करावी. माती अळूच्या आळ्यात टाकावी, तिला शेवाळासकट मानवते. चित्रं एकेक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जड खाली, वल्ही वेगळी. महाराज स्वच्छ पांढऱ्या फडक्यात, सगळ्यांच्या वर. धूळ असेल ती कोरड्या ब्रशने झटकावी. धुवू नयेत, शाडूची असतात. माझे पहिल्या वर्षीचे नऊ गोलंदाज मोरीतून समुद्राला मिळाले.